सुरक्षितता कोणाची?

जून महिना उजाडला की धर्मग्रामाच्या कचेरीत दाखल्यांसाठी रांग लागते. कुणाला बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, कुणाला वर्तणुकीचा, कुणाला कॉलेजच्या प्राचार्यांच्या नावे शिफारसपत्र. शिक्के उमटवता उमटवता आम्हांला पालकांच्या प्रश्नांची उत्तरेही द्यावी लागतात. त्यांतला नित्याचा प्रश्न असा : "फादर, कुठली लाइन चांगली?" चांगली म्हणजे जिच्यात नोकरी लवकर लागेल ती, हे प्रश्नातच गृहीत असते. आम्ही त्यांना दोष देत नाही. ज्याने वाडीचा तुकडा विकून मुलाची फी भरली आहे, त्याला विद्येच्या अंतिम हेतूविषयी प्रवचन ऐकविण्याचा अधिकार आम्हांला नाही.

परंतु मागील एका नाताळात याच कचेरीत एक निराळा प्रश्न आला आणि आम्ही त्याला घाईने उत्तर देऊन मोकळे झालो. त्या घाईची रुखरुख अजून गेलेली नाही. हा लेख त्या रुखरुखीतूनच लिहीत आहोत.

प्रश्न विचारणारा तरुण आमच्याच धर्मग्रामातला, लहानपणी वेदीसेवक असलेला. अभियांत्रिकीची पदवी घेऊन तो परदेशातील एका विद्यापीठात संशोधनासाठी गेला होता आणि सुटीत घरी आला होता. त्याच्या प्राध्यापकांच्या गटाला त्या देशाच्या संरक्षण खात्याकडून पैसा मिळतो. आकाशात फिरणाऱ्या ड्रोनने टिपलेल्या चित्रातील माणूस शस्त्रधारी आहे की नाही, हे संगणकाला ओळखावयास शिकविणे, हे त्या गटाचे काम. "फादर, मी हे काम करावे का?" असे त्याने विचारले. सोबत आई होती. ती म्हणाली, "फादर, ह्याला जरा सांगा. पगार चांगला आहे, आणि ह्याला कुणावर गोळी थोडीच झाडायची आहे?" गोठ्यांच्या स्पर्धेचे परीक्षक बाहेर खोळंबले होते. आम्ही म्हणालो, "देशाचे संरक्षण करणे हे पाप नव्हे. मन शुद्ध ठेवून काम कर." कोणत्या देशाचे, कोणापासून, कोणाच्या जिवावर, यांतले काहीही आम्ही विचारले नाही.

आमचे उत्तर चुकीचे होते असे नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयी जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यात अन्य सर्व मार्ग खुंटल्यावर स्वसंरक्षण करण्याचा राष्ट्राचा हक्क मान्य केलेला आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री ज्यांची माणसे छत्रपती शिवाजी टर्मिनसवरून घरी परतायची होती, त्यांच्यापुढे 'सुरक्षा' या शब्दाची टिंगल करण्याचे धाडस कुणी करणार नाही. मात्र त्याच दस्तऐवजाने संपूर्ण शहरे सरसकट नष्ट करणाऱ्या युद्धकृत्याचा देवाविरुद्धचा आणि मानवाविरुद्धचा अपराध म्हणून निषेधही केला आहे. आम्ही त्या तरुणाला अर्धाच भाग सांगितला. उरलेला अर्धा भाग समजून घ्यायचा तर शिकागोला जावे लागते.

शिकागो विद्यापीठात स्टॅग फील्ड नावाचे क्रीडांगण होते. त्याच्या प्रेक्षकांसाठी बांधलेल्या पायऱ्यांखाली स्क्वॉश खेळण्याची एक बंदिस्त जागा होती. तेथे 2 डिसेंबर 1942 रोजी एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रॅफाइटच्या विटा व युरेनियम यांच्या ढिगाऱ्यातून मानवी इतिहासातील पहिली नियंत्रित अणु-साखळी प्रक्रिया घडवून आणली. भोवताली भरवस्तीचे शहर होते. शहराला पत्ता नव्हता. या शास्त्रज्ञांना आपण खलनायक समजू नये. त्यांतील अनेक जण हुकूमशाहीपासून पळून आलेले होते. फर्मींची पत्नी ज्यू होती, म्हणून त्यांनी 1938 साली इटली सोडली. हिटलरच्या हाती हे अस्त्र आधी पडेल ही भीती काल्पनिक नव्हती. त्या घटकेला त्यांना आपले विद्यापीठ जगाला वाचवीत आहे असे वाटले असेल, तर आम्हांला त्याचे नवल वाटत नाही.

भीतीचे एक वैशिष्ट्य असते. तिचे कारण संपले तरी तिने सुरू केलेले काम संपत नाही. 1944 च्या अखेरीस जर्मनीजवळ अणुबॉम्ब नाही व होणारही नाही, हे उघड होऊ लागले. तेव्हा लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेतून जोसेफ रॉटब्लॅट नावाचा एक पोलिश शास्त्रज्ञ काम सोडून निघून गेला. मूळ कारणच उरले नाही, तर मी येथे कशासाठी आहे, हा त्याचा प्रश्न होता. बाकीचे थांबले. पुढे रॉटब्लॅटने वैद्यकासाठी भौतिकशास्त्र राबविले आणि 1957 पासून पगवॉश परिषदांच्या रूपाने दोन्ही गटांच्या शास्त्रज्ञांना एका टेबलापाशी बसविले. त्याबद्दल 1995 साली त्याला व त्या परिषदांना नोबेल शांतता पारितोषिक मिळाले.

शिकागोतही सदसद्विवेकबुद्धी जागी झाली, पण उशिरा. जून 1945 मध्ये जेम्स फ्रँक यांच्या अध्यक्षतेखाली तेथील काही शास्त्रज्ञांनी सरकारला एक अहवाल दिला. हे अस्त्र जपानी शहरावर अचानक टाकू नका, निर्मनुष्य जागी त्याचे प्रात्यक्षिक दाखवा, नाहीतर जगात शस्त्रांची शर्यत सुरू होईल, असा त्याचा आशय होता. प्रश्न अचूक होता. मात्र तो विचारला गेला तेव्हा अस्त्र जवळजवळ तयार होते, आणि तो बंद पाकिटात विचारला गेला. बंद पाकिटातल्या प्रश्नाला सरकारे फारशी भीत नाहीत.

9 ऑगस्ट 1945 रोजी सकाळी 11 वाजून 2 मिनिटांनी नागासाकीवर बॉम्ब पडला. नागासाकी हे नाव वसईच्या घराघरांत ठाऊक आहे. आपल्या वसईचा सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया याला तेथेच 5 फेब्रुवारी 1597 रोजी क्रुसावर मरण आले. त्या हुतात्म्यांच्या रक्ताने भिजलेल्या भूमीत अडीचशे वर्षे लपूनछपून श्रद्धा जपणारे कॅथलिक उराकामी या खोऱ्यात राहत होते. बॉम्ब याच खोऱ्यावर फुटला. उराकामीच्या सुमारे 12,000 कॅथलिकांपैकी 8,000 हून अधिक मरण पावले. स्वर्गोन्नयनाचा सण जवळ आल्यामुळे कॅथेड्रलमध्ये त्या वेळी पापनिवेदन चालू होते. तेथून जवळच नागासाकीचे वैद्यकीय महाविद्यालय होते. तेथील सुमारे 900 अध्यापक, विद्यार्थी व कर्मचारी मृत्यू पावले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नागासाकीचा बॉम्ब प्लुटोनियमचा होता, आणि प्लुटोनियम निर्माण करण्याची वाट शिकागोच्या त्या ढिगाऱ्यातूनच निघाली होती. एका विद्यापीठाच्या पायऱ्यांखाली सुरू झालेले काम दुसऱ्या विद्यापीठाच्या वर्गांवर जाऊन पडले.

त्या महाविद्यालयात ताकाशी नागाई हे क्ष-किरणतज्ज्ञ होते. त्यांनी तरुणपणी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली होती. वर्षानुवर्षे क्ष-किरणांच्या सान्निध्यात राहिल्याने त्यांना बॉम्ब पडण्यापूर्वीच रक्ताचा कर्करोग झाला होता. त्यांची पत्नी मिदोरी घरात जळून गेली. स्वतः जखमी असताना नागाईंनी वाचलेल्या सहकाऱ्यांसह जखमींची शुश्रूषा केली, आणि किरणोत्सर्गाने माणसाच्या देहाचे नेमके काय होते याची शिस्तीने नोंद ठेवून अहवाल लिहिला. छप्पर नाही, ग्रंथालय नाही, विद्यार्थी मेलेले. तरीही त्या नोंदी होत होत्या. विद्यापीठ या संस्थेचा अर्थ सांगायचा झाल्यास आम्ही भव्य इमारतींकडे बोट दाखविणार नाही. आम्ही त्या नोंदवहीकडे दाखवू.

हे सारे झाल्यावर विचारलेले प्रश्न, झाल्यावर केलेल्या नोंदी. वेळेवर आणि उघडपणे प्रश्न विचारणारे विद्यापीठ कसे असेल? त्याचे उदाहरण आम्हांला मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर या देशात सापडते. योगायोग असा की त्या उदाहरणातला एक धागाही शिकागोतूनच जातो. इग्नासिओ मार्टिन-बारो हा स्पॅनिश येशूसंघी धर्मगुरू शिकागो विद्यापीठात मानसशास्त्र शिकला, 1979 साली डॉक्टरेट घेतली आणि सान साल्वादोरच्या मध्य अमेरिकन विद्यापीठात शिकवावयास परत गेला.

एल साल्वादोर आपल्या महाराष्ट्राच्या सुमारे पंधराव्या हिश्श्याएवढा देश. कॉफीच्या जमिनी मूठभर घराण्यांच्या ताब्यात. जो जमीन मागेल, संघटना करील, तो राष्ट्राच्या सुरक्षेचा शत्रू, असे तेथील लष्कराचे सूत्र होते. 1980 ते 1992 या काळात तेथे यादवी युद्ध चालले आणि त्यात सुमारे 75,000 माणसे मारली गेली. आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांना 24 मार्च 1980 रोजी वेदीपाशी गोळी घातली गेली, हे आपणांस ठाऊक आहेच.

हे विद्यापीठ 1965 साली स्थापन झाले, तेही सरकारी विद्यापीठातील डाव्या वाऱ्यापासून आपली मुले दूर राहावीत अशी इच्छा असलेल्या सधन कॅथलिक पालकांच्या पाठबळावर. चांगली लाइन, चांगली नोकरी! म्हणजे प्रारंभ आपल्यासारखाच होता. पण तेथील अध्यापकांनी हळूहळू विद्यापीठाचे तोंड देशाकडे वळविले. रेक्टर इग्नासिओ एलाकुरिया हे तत्त्वज्ञ. त्यांचे म्हणणे असे होते की विद्यापीठाने गरिबांची बाजू घ्यावी, मात्र ती विद्यापीठाच्याच रीतीने. हातात झेंडा घेणे हे त्याचे काम नव्हे. वास्तव जाणणे, मोजणे, छापणे, शिकविणे हे त्याचे काम. 1985 साली त्यांनी 'राष्ट्रीय वास्तव' नावाचे व्यासपीठ सुरू केले. नाव कसे नेमके आहे पाहा. लष्कर 'राष्ट्रीय सुरक्षा' म्हणत होते, विद्यापीठाने 'राष्ट्रीय वास्तव' म्हटले. देशात खरोखर काय चालले आहे हे कळल्यावाचून देश सुरक्षित कसा करणार?

समाजशास्त्रज्ञ सेगुंदो मोंतेस यांनी युद्धामुळे घरदार सोडावे लागलेल्यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला आणि मानवी हक्कांसाठी संस्था उभारली. मार्टिन-बारो यांनी 1986 साली लोकमत जाणून घेणारी संस्था काढली. आपल्याला हे काम साधे वाटेल. पण ज्या देशात दारावर आलेल्या अनोळखी माणसाला खरे उत्तर दिल्याने जीव जाऊ शकतो, तेथे लोकांचे मत विचारणे म्हणजे काय, याची कल्पना करावी. सरकार म्हणे, जनतेला विजय हवा आहे. बंडखोर म्हणत, जनता आमच्यामागे आहे. या पाहण्यांतून दिसले की बहुसंख्य लोकांना दोघांनी बोलावे, वाटाघाटी कराव्यात असे वाटते. ही साधी गोष्ट दोन्ही बंदुकांना अडचणीची होती. एलाकुरिया बंडखोरांच्या हिंसेवरही टीका करीत, हे येथे नमूद करणे न्यायाचे ठरेल. 1985 साली बंडखोरांनी राष्ट्राध्यक्ष दुआर्ते यांच्या कन्येचे अपहरण केले, तेव्हा तिच्या सुटकेसाठी आर्चबिशपांसह मध्यस्थी करणारे एलाकुरियाच होते.

त्याची किंमत विद्यापीठ फार पूर्वीपासून मोजत होते. जमीनसुधारणेपासून माघार घेणाऱ्या सरकारवर विद्यापीठाच्या नियतकालिकाने 1976 साली कडक टीका केली, तेव्हापासून आवारात अनेकदा बॉम्ब फुटले.

नोव्हेंबर 1989 मध्ये बंडखोरांनी राजधानीवर मोठा हल्ला चढविला. एलाकुरिया तेव्हा स्पेनमध्ये होते. ते 13 नोव्हेंबरला परतले. त्याच संध्याकाळी सैनिकांनी धर्मगुरूंच्या निवासाची झडती घेतली. एकदा झडती झाली, आता काही नाही, असे आतल्यांना वाटले. त्या निवासात हुलिया एल्बा रामोस ही स्वयंपाकाचे काम करणारी बाई आणि तिची किशोरवयीन मुलगी सेलिना रात्री झोपावयास होत्या. त्यांचे स्वतःचे घर विद्यापीठाच्या फाटकाजवळच होते. बाहेर गोळीबार व स्फोट होत असल्यामुळे फादरांकडे अधिक सुरक्षित, असे त्या माउलीला वाटले.

16 नोव्हेंबरच्या पहाटे अमेरिकेत प्रशिक्षण मिळालेल्या आत्लाकात्ल पलटणीचे सैनिक आले. त्यांनी एलाकुरिया, मार्टिन-बारो, मोंतेस, हुआन रामोन मोरेनो, आमान्दो लोपेस व होआकिन लोपेस इ लोपेस या सहा धर्मगुरूंना मारले. साक्षीदार ठेवू नयेत असा हुकूम होता, म्हणून एल्बा आणि सेलिनालाही मारले. संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने 1993 साली हा हुकूम लष्कराच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांकडूनच आल्याचे नमूद केले. स्पेनच्या न्यायालयाने 2020 साली तेव्हाचे उपमंत्री कर्नल मोन्तानो यांना यांतील पाच स्पॅनिश धर्मगुरूंच्या हत्येबद्दल 133 वर्षांची शिक्षा दिली. एल्बाचा पती तेथे माळीकाम करी. हत्या झाली त्या जागी त्याने गुलाब लावले.

आम्ही सेमिनरीत शिकविलेले तर्कशास्त्र बऱ्यापैकी विसरलो आहोत. तरी एवढे कळते की 'सुरक्षितता' हा शब्द त्या रात्री दोघांनी वापरला; कर्नलने आणि स्वयंपाकिणीने. दोघांचा अर्थ एकच असता तर ती आज जिवंत असती. विद्यापीठाने कोणाच्या अर्थाचा शोध घ्यावयाचा, हाच तर आमच्या धर्मग्रामातील त्या तरुणाचा प्रश्न होता. त्याला तो शब्दांत मांडता आला नाही आणि आम्हांला तो ऐकू आला नाही.

या हत्येनंतर 1990 साली अमेरिकी काँग्रेसने एल साल्वादोरची निम्मी लष्करी मदत रोखली. 16 जानेवारी 1992 रोजी शांतता करार झाला, लष्कर घटविण्यात आले, नवे नागरी पोलीस दल उभारण्याचे ठरले. त्या सहा जणांच्या मरणामुळेच हे घडले असा सोपा हिशेब आम्ही मांडणार नाही. तो देश आजही सुखी नाही.

कुणी म्हणेल, हे लॅटिन अमेरिकेतले झाले, आपल्याकडे काय? आपल्याकडचेही एक उदाहरण आहे, आणि त्यात रक्त सांडलेले नाही. 1986 साली मद्रास मेडिकल कॉलेजातील डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या एका विद्यार्थिनीने प्रबंधासाठी रक्ताचे नमुने गोळा केले. एड्स हा पाश्चात्त्यांचा रोग, आपल्या संस्कृतीत तो येणे शक्य नाही, असे तेव्हा पुष्कळ थोर मंडळी मानीत. नमुन्यांची तपासणी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाली आणि भारतात हा विषाणू असल्याचे प्रथम सिद्ध झाले. आपण सुरक्षित आहोत या समजुतीला एका विद्यार्थिनीच्या प्रबंधाने तडा दिला. राष्ट्राची एवढी मोठी सेवा त्या वर्षी किती रणगाड्यांनी केली असेल?

आणि आपली स्वतःची कॉलेजे? आम्हां धर्मगुरूंच्या व धर्मभगिनींच्या हाती असलेल्या संस्थांचा आम्हांला अभिमान आहे. पण वसईतील किती बावखले बुजविली गेली, किती विहिरींचे पाणी खारट झाले, याची मोजदाद आपल्या किती विद्यार्थ्यांनी प्रबंधाचा विषय म्हणून केली? पाण्यावाचून गावे भांडू लागतील तेव्हा पोलीस बोलवावे लागतील, आणि मग त्यालाही सुरक्षेचा प्रश्न म्हटले जाईल. आमच्या एका सहकारी फादरांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "अशा प्रबंधाने निकालाची टक्केवारी वाढत नाही." ते हसत होते, पण खोटे बोलत नव्हते.

गेल्या प्रायश्चित्तकाळात आम्ही त्या तरुणाला पत्र लिहिले. नाताळात घाईने दिलेले उत्तर अपुरे होते, हे मान्य केले. नोकरी सोड असे लिहिले नाही. तो अधिकार आमचा नव्हे, आणि त्याच्या डोक्यावर शिक्षणाचे कर्ज आहे हे आम्ही जाणतो. एवढेच विचारले की, तुझे यंत्र चुकते तेव्हा कोण मरतो, याची नोंद तुमच्या विद्यापीठात कुणी ठेवतो का?

त्याचे उत्तर पंधरा दिवसांनी आले. खांद्यावर कुदळ घेऊन शेतातून परतणारा माणूस यंत्राला कित्येकदा शस्त्रधारी वाटतो, असे त्याने लिहिले आहे. शेकडा किती चुका चालतील, हा आकडा पैसा देणाऱ्या खात्याकडून येतो. त्याने तो आकडा गटाच्या बैठकीत विचारला, तेव्हा तो आपला विषय नव्हे, असे त्याला सांगण्यात आले. आता तो विभागाच्या खुल्या परिसंवादात हाच विषय मांडण्याची परवानगी मागणार आहे. मिळेल की नाही, ठाऊक नाही. मिळाली नाही तर काय करावे, हेही त्याने विचारले आहे. त्या पत्राला आम्ही अजून उत्तर लिहिलेले नाही.

परवा रविवारी मिस्सा संपल्यावर त्याची आई भेटली. "फादर, तुम्ही त्याला काय लिहिलंत? हल्ली फोनवर गप्पगप्पच असतो." आम्ही तिला आत बोलावले, खुर्ची दिली. बाहेर दाखल्यांची रांग होती. ती तशीच थांबवून ठेवली.